जेन्सव्हिल: कारखाना गेल्यावर मनुष्यबळ मंडळाला काय जमलं, काय नाही

२३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, जनरल मोटर्सच्या (जीएम) जेन्सव्हिल कारखान्यातून शेवटची शेव्हरोले टाहो ही मोठी गाडी बाहेर पडली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिणेला रॉक नदीकाठी वसलेलं हे साठ-बासष्ट हजार वस्तीचं शहर. जीएमने इथे १९१९ मध्ये ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि १९२३ पासून शेव्हरोले गाड्या. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच फाटकातून कामावर गेले, अशी घरं इथे सर्रास सापडत. शेवटच्या वर्षांत लाइनवरच्या कामगाराला तासाला २८ डॉलर मिळत. शाळा संपवून थेट कामाला लागलेल्या माणसाला एवढा पगार त्या परिसरात क्वचितच कोणी देत असे.

कारखाना एकटा गेला नाही. गाड्यांच्या सीट बनवणारा लिअर कंपनीचा कारखाना बंद झाला, मालवाहतूकदार आणि लहान पुरवठादार अडचणीत आले. १८८८ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या पार्कर पेननेही २०१० मध्ये इथलं उरलेलं काम थांबवलं. जेन्सव्हिल ज्या रॉक काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिथली बेकारी २००९ च्या पूर्वार्धात १३ टक्क्यांच्या वर गेली होती.

हजारो माणसं एकदम रिकामी झाली. त्यांना दुसऱ्या मालकापर्यंत पोहोचवायची जबाबदारी ज्या संस्थेवर होती, ती नैऋत्य विस्कॉन्सिनचं मनुष्यबळ विकास मंडळ. मंडळाने आपल्या हातात होतं ते बहुतेक सगळं मनापासून केलं, तरीही जोडणी अर्धीच राहिली. ती कुठे तुटली हे नीट पाहिलं, तर अशा मंडळांचं काम खऱ्या अर्थाने कळतं. म्हणून हे प्रकरण.

मंडळाची रचना

१९९८ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेत नोकरी आणि प्रशिक्षणाच्या सरकारी निधीची सूत्रं स्थानिक मंडळांकडे दिली. राज्याचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला एक मंडळ. विस्कॉन्सिनमध्ये असे ११ विभाग आहेत. नैऋत्येच्या मंडळाकडे सहा काउंट्या: ग्रँट, ग्रीन, आयोवा, लाफायेट, रिचलंड आणि रॉक. मंडळाचे सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधी नेमतात. निम्म्याहून जास्त सदस्य खासगी उद्योगांतले असावे लागतात आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच. बाकीच्या जागा कामगार संघटना, कॉलेजं, सरकारी खाती यांना.

उद्योजकांना बहुमत देण्यामागे साधा विचार आहे. माणसं कुणाला हवीत, कुठल्या कामासाठी हवीत, हे भरती करणाऱ्याला आधी कळतं. त्याने तोंड उघडलं तर प्रशिक्षणाचा पैसा योग्य जागी जाईल.

मंडळ स्वतः वर्ग भरवत नाही आणि नोकऱ्याही देत नाही. ते जॉब सेंटर चालवण्याची व्यवस्था करतं. तिथे नोकरी शोधणाऱ्याची चाचणी होते, समुपदेशक भेटतो, अर्ज कसा करायचा ते शिकवलं जातं आणि पात्र असल्यास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची फी भरली जाते. कंपन्यांसाठी रिकाम्या जागांची जाहिरात, उमेदवारांची चाळणी, भरती मेळावे होतात. नवा माणूस घेऊन त्याला कामावरच शिकवायला कंपनी तयार असेल, तर ठरलेल्या मुदतीपुरता त्याच्या पगाराचा निम्म्यापर्यंत वाटा मंडळ भरून देतं. माझ्या मते मंडळाच्या हातातलं हे सगळ्यात धारदार हत्यार, कारण इथे नोकरी आधी आणि शिकवणं नंतर. पण त्याला एक अट आहे: कंपनीकडे जागा असली पाहिजे.

मोठा कारखाना बंद होणार असेल तर आणखी एक यंत्रणा हलते. १९८८ च्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने बंदीची सूचना ६० दिवस आधी द्यावी लागते. सूचना आली की राज्याचं आणि मंडळाचं पथक कारखान्यात जाऊन कामगारांना भेटतं: बेकारी भत्ता कसा मिळेल, आरोग्य विम्याचं काय, शिकायचं असेल तर कुठे. माणूस घरी बसून खचण्याआधी त्याला गाठायचं, असा हेतू.

जॉब सेंटरवरची गर्दी

जेन्सव्हिलला सूचना ६० दिवसांच्या बरीच आधी मिळाली होती. पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या घरात गेलं, मोठ्या गाड्यांचा खप कोसळला आणि ३ जून २००८ ला जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांनी हा कारखाना बंद होणाऱ्यांच्या यादीत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा २०१० पर्यंतची मुदत बोलली जात होती. ऑक्टोबरमध्ये ती डिसेंबरवर आणली गेली.

रॉक काउंटीचं जॉब सेंटर एका जुन्या केमार्ट दुकानाच्या इमारतीत होतं. मंडळाचे प्रमुख रॉबर्ट बोरेमन्स यांनी कॉलेज, युनियन, समाजसेवी संस्था, सरकारी खाती अशा सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं, म्हणजे कामगाराला दहा दारं ठोठवावी लागू नयेत. कुठली मदत कुठे मिळते याची एक मार्गदर्शिकाही तयार झाली. असल्या कामाला बातमीत जागा मिळत नाही. पण पंचवीस वर्षं एकाच लाइनवर काम केलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बायोडेटा लिहायचा असतो, घराच्या कर्जाचा हप्ता तोंडावर असतो, तेव्हा एकाच छपराखाली माहिती मिळणं फार मोठी गोष्ट असते. मंडळाच्या या कामाला मी पूर्ण दाद देतो.

पुढचा टप्पा शिक्षणाचा. शहराबाहेरच्या ब्लॅकहॉक टेक्निकल कॉलेजात नोकरी गेलेल्या कामगारांची रीघ लागली. परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्यांसाठीचा केंद्राचा निधी, मंदीत आलेला जादा निधी, मंडळाची फी-मदत असे पैशाचे अनेक झरे होते. शिकत राहिलं तर काही भत्तेही लांबत. त्या काळात वॉशिंग्टनपासून काउंटीपर्यंत, डाव्या-उजव्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: जुनं काम गेलं, नवं शिका.

कॉलेजच्या प्राध्यापकांना पहिल्या आठवड्यांतच कळलं की यातल्या कित्येकांनी संगणक कधी सुरूही केलेला नाही. निबंध टाइप करून द्यायचा म्हटल्यावर काहीजण कॉलेज सोडून गेले. मग कॉलेजने संगणकाचे खास वर्ग लावले, चाळिशी-पन्नाशीतल्या विद्यार्थ्यांसाठी शिकवण्या ठेवल्या, समुपदेशन वाढवलं. अनेकजण चिवटपणे टिकले आणि पदविका घेऊन बाहेर पडले. या माणसांच्या जिद्दीबद्दल किंवा त्यांच्या शिक्षकांच्या कळकळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

निकाल

नंतर संशोधकांनी त्या भागातल्या कॉलेजच्या नोंदी आणि राज्याकडच्या पगाराच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. नोकरी गेल्यावर ब्लॅकहॉकमध्ये शिकायला गेलेले आणि न गेलेले, अशी तुलना होती. शिकलेल्यांना नियमित काम मिळण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा कमी निघालं आणि त्यांचा पगारही कमी निघाला.

हा निकाल वाचून कुणी म्हणेल, मग शिक्षणच निरुपयोगी. तसं म्हणणं घाईचं ठरेल. दोन गट सुरुवातीपासून अगदी सारखे नव्हते. ज्यांना ओळखीपाळखीने लगेच काम मिळालं ते कॉलेजात गेलेच नाहीत. आणि जे दोन वर्षं वर्गात बसले ते बाहेर आले तेव्हा पहिल्या महिन्यांतल्या मोजक्या बऱ्या जागा भरून गेल्या होत्या. वर नव्या व्यवसायात तळाच्या पायरीपासून सुरुवात.

पण हे मान्य केल्यावरही मूळ प्रश्न उरतो: कुठल्या मालकाने सांगितलं होतं की या अभ्यासक्रमातून निघालेली एवढी माणसं मी घेईन? पोलीस आणि तुरुंग सेवेच्या अभ्यासक्रमाला कामगारांची चांगली पसंती होती, आणि त्याच वर्षांत करउत्पन्न घटल्याने स्थानिक सरकारं खर्चाला कात्री लावत होती. वीजवाहिन्यांच्या कामाचा अभ्यासक्रम निघाला त्यामागे वीज कंपनीची गरज होती, तो विचार बरोबर होता. पण त्या क्षेत्रात लागून लागून किती माणसं लागणार? जागांच्या आकड्यापासून सुरुवात करून वर्ग भरवणं आणि वर्ग भरवून मग जागा शोधणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जेन्सव्हिलमध्ये बहुतांशी दुसरं झालं.

दुसरं टेबल

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढे आहे.

२००९ मध्ये शहरातल्या एका बँकेच्या अधिकारी मेरी विल्मर आणि शेजारच्या बेलॉइटमधल्या एबीसी सप्लाय कंपनीच्या प्रमुख डायन हेंड्रिक्स यांनी पुढाकार घेऊन ‘रॉक काउंटी ५.०’ नावाचा उपक्रम सुरू केला. उद्योजकांकडून निधी उभा करायचा, काउंटीची जाहिरात करायची, नव्या कंपन्या आणायच्या. जेन्सव्हिल आणि बेलॉइट ही एरवी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली शहरं त्यानिमित्ताने एकत्र आली, हे चांगलंच झालं.

पण टेबलं दोन झाली. जॉब सेंटरच्या टेबलावर प्रामुख्याने कामगारांचं दुःख हलकं करणाऱ्या संस्था, दुसऱ्या टेबलावर नोकऱ्या निर्माण करू शकणारे लोक. मंडळात उद्योजकांना बहुमत द्यायचं कारण हेच होतं की ही दोन टेबलं वेगळी पडू नयेत. कागदावर बहुमत होतं. पण संकट आल्यावर शहरातल्या वजनदार उद्योजकांनी आपली ताकद दुसरीकडे लावली. यात त्यांचा दोष मी कमी मानतो. मंडळाकडे येणारा सरकारी पैसा मुख्यतः कामगाराच्या नावाने येत होता आणि हिशेबही त्याचाच मागितला जात होता: किती जणांना काम लागलं, किती टिकले, किती कमावतात. मालकाच्या बाजूने मंडळाने काय केलं, याला हिशेबात फारसं स्थान नव्हतं. ज्याचा हिशेब मागत नाहीत ते काम मागे पडतं.

सीमेचाही प्रश्न होता. जेन्सव्हिलपासून तासाभराच्या आत, उत्तरेला, मॅडिसन आहे: राज्याची राजधानी, विद्यापीठ, इस्पितळं. तिथे मंदीची झळ बरीच कमी होती. पण मॅडिसन दुसऱ्या मंडळाच्या हद्दीत येतं. आणि दक्षिणेला राज्याची सीमा ओलांडली की इलिनॉयमधलं रॉकफर्ड, तिथली बेकारी जेन्सव्हिलइतकीच वाईट. म्हणजे दुःख होतं सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखं, आणि जागा होत्या दुसऱ्याच्या अंगणात. कामगार गाडी काढून रोज मॅडिसनला जाऊ शकतो. निधी, समुपदेशक आणि कंपन्यांशी असलेले संबंध मात्र नकाशावरच्या रेषेपाशी थांबतात. मंडळांनी आपापसांत करार करून हे सोडवता येतं, पण त्याची सवय संकटाच्या आधी लागलेली हवी.

आणि आशेचा प्रश्न. कारखाना कायमचा बंद झाला असं जीएमने म्हटलंच नव्हतं. तो ‘राखीव’ ठेवला होता. २००९ मध्ये एका नव्या छोट्या गाडीसाठी जेन्सव्हिल, टेनेसीतलं स्प्रिंग हिल आणि मिशिगनमधलं ओरायन अशी तिघांत चुरस लागली. राज्याने आणि शहराने जोर लावला. काम ओरायनला गेलं. तरीही राखीव दर्जा २०१५ पर्यंत कायम होता. ज्या कामगाराची ज्येष्ठता पंचवीस वर्षांची आहे त्याने तासाला निम्म्या पगाराचं काम आजच धरावं की थांबावं? समुपदेशकाला याचं प्रामाणिक उत्तर देता येत नव्हतं, कारण ते डेट्रॉइटमधल्या कंपनीच्या मुख्यालयात होतं. काहींनी जीएमच्याच दुसऱ्या कारखान्यांत बदली घेतली. इंडियानातलं फोर्ट वेन साडेचार-पाच तासांच्या अंतरावर. सोमवार ते शुक्रवार तिथे, शनिवार-रविवार घरी, असा संसार कित्येकांनी वर्षानुवर्षं केला. पगार टिकला, मुलं बापाशिवाय वाढली.

त्याच राज्यातला दुसरा प्रयोग

जेन्सव्हिलहून सव्वा-दीड तासावर मिलवॉकी आहे. तिथे १९९२ पासून विस्कॉन्सिन रीजनल ट्रेनिंग पार्टनरशिप ही संस्था चालते. मालक आणि युनियन दोघांनी मिळून ती उभी केली. कंपनी म्हणते, मला एवढे वेल्डर किंवा बांधकामावर एवढे नवशिके हवेत. मग त्या कंपनीच्या गरजेप्रमाणे काही आठवड्यांचा वर्ग लावायचा आणि त्यातून माणसं पुढे पाठवायची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या संस्थेसह तीन संस्थांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना प्रवेश दिला, काहींना नाही. दोन वर्षांच्या काळात प्रवेश मिळालेल्यांनी इतरांपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त कमावलं.

याच्या शेजारी आणखी एक निकाल ठेवतो. १९९८ च्या कायद्याखालच्या सेवांची देशभरातल्या २८ विभागांत अशीच चिठ्ठीने चाचणी झाली. त्यात समुपदेशकाने वैयक्तिक लक्ष घातल्याने कमाई वाढली. त्यावर फी भरून दिलेल्या प्रशिक्षणाने अडीच वर्षांत फारशी भर पडलेली दिसली नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की जेन्सव्हिलचं कोडं बरंच सुटतं. जॉब सेंटरमधल्या समुपदेशकांनी घातलेलं लक्ष वाया गेलं नसणार. अडकलं ते मालकाच्या शब्दाशिवाय दिलेल्या प्रशिक्षणात.

अर्थात मिलवॉकीचा नमुना उचलून २००९ च्या जेन्सव्हिलमध्ये ठेवला असता तर जादू झाली असती, असं नाही. काउंटीत कोणी भरतीच करत नसेल तर कुणाची गरज विचारणार? पगाराचा निम्मा वाटा देऊ केला तरी रिकामी जागा जन्माला येत नाही. पण कोणती कंपनी उद्या भरती करेल, कुणाचे जुने फिटर निवृत्तीला आलेत, हे माहीत असण्यासाठी कारखाना चालू असतानाच शंभर लहान कंपन्यांच्या दारात जाऊन बसावं लागतं. एक मोठा मालक शहराला पोसत होता तोवर त्याची निकड कुणालाच वाटली नव्हती.

तळेगावची आठवण

मराठी वाचकाला हे प्रकरण परकं वाटू नये. जेन्सव्हिल बंद झालं त्याच २००८ साली जीएमने पुण्याजवळ तळेगावचा कारखाना सुरू केला, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये, पुन्हा नाताळच्याच सुमारास, तिथलं उत्पादन थांबलं. कामगार संघटनेने न्यायालयात लढा दिला. २०२४ च्या सुरुवातीला कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. आपल्या कायद्यात मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. त्यामुळे भांडण परवानगी आणि भरपाईभोवती फिरतं. ते कामगाराच्या हक्काचं आहे आणि व्हायलाच हवं. पण चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात शेकडो कारखाने असताना, कुणाला कसली माणसं हवीत हे विचारत फिरणारं आणि त्यासाठी हातात पैसा असलेलं मंडळ आपल्याकडे नाही. रोजगार विनिमय केंद्रं आहेत. १९५९ च्या कायद्याने मोठ्या खासगी आस्थापनांना जागा कळवायचं बंधनही घातलं होतं. जिल्ह्याची कौशल्य समितीही आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. पण उद्योजकाला तिथे बहुमत नाही. निर्णय त्याच्या हातात नाही आणि जबाबदारीही नाही.

पुढे काय बदललं

जेन्सव्हिलची बेकारी कालांतराने उतरली, दशकाच्या मध्यापर्यंत राज्याच्या सरासरीजवळ आली. डॉलर जनरल या दुकानसाखळीचं मोठं गोदाम आलं. वैद्यकीय किरणोत्सारी द्रव्यं बनवणाऱ्या शाइन कंपनीला शहराने मोठं अर्थसाहाय्य देऊ केलं; तिने आश्वासन दिलेल्या नोकऱ्या सव्वाशेच्या आसपास होत्या. २८ डॉलरच्या नोकऱ्या मात्र त्या संख्येने परत आल्या नाहीत. कारखान्याची इमारतही पुढे पाडली गेली.

केंद्राचा कायदा २०१४ मध्ये बदलला, सेनेटमध्ये ९५ विरुद्ध ३, म्हणजे जवळजवळ एकमताने. अमेरिकेच्या त्या काळातल्या राजकारणात हे दुर्मीळच. उद्योजकांचं बहुमत कायम राहिलं. एका क्षेत्रातल्या अनेक कंपन्यांना एकत्र बसवून त्यांच्या गरजेचं प्रशिक्षण आखणं हे मंडळाचं काम म्हणून नोंदलं गेलं. कामावर शिकवणाऱ्या कंपनीला पगाराचा परतावा ७५ टक्क्यांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. प्रौढ आणि नोकरी गेलेल्यांसाठीच्या निधीतला २० टक्क्यांपर्यंतचा भाग आधीच कामावर असलेल्यांना पुढचं शिकवण्यासाठी वापरता येऊ लागला, म्हणजे कंपनी डळमळीत होण्याआधीच मंडळ तिच्या आत पोहोचू शकतं. जेन्सव्हिलसाठी हे कलम फार उशिरा आलं.

मालकांना दिलेल्या सेवेचा परिणाम मोजायचा, असंही त्या कायद्यात लिहिलं गेलं. कसा मोजायचा हे मात्र ठरत नव्हतं. तीन पर्यायांवर बरीच वर्षं प्रयोग झाले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नियम पक्का झाला: कार्यक्रमातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत त्याच मालकाकडे आहे का, एवढंच पाहायचं. माणूस टिकला म्हणजे मालकाला योग्य माणूस मिळाला, असा त्यामागचा तर्क. मला हे माप अपुरं वाटतं. ज्या कंपनीने मंडळाकडे एकदाही पाऊल टाकलं नाही ती या आकड्यात कुठेच येत नाही, आणि जेन्सव्हिलमध्ये शोधायला हवे होते ते नेमके तेच मालक.